धीर देणें आणि धीर मागणें

विक्रोळीच्या कन्नमवार नगरांत आमच्या ओळखीचें एक कुटुंब आहे. यजमान कारखान्यांतील नोकरींतून निवृत्त झालेले. घरांत मुलगा, सून आणि शाळेंत जाणारी एक नात. गेल्या वर्षीं घरच्या बाईंस अंडाशयाचा कर्करोग असल्याचें निघालें. शस्त्रक्रिया झाली, आणि मग दर तीन आठवड्यांनीं शिरेंतून औषधें देण्याचा जो क्रम, ज्यास आतां घरोघर 'केमो' म्हणतात, तो सुरू झाला. तिसऱ्या खेपेस पहांटे उठून, लोकलनें जाऊन, रक्त देऊन, चार तास बांकावर बसून झाल्यावर त्यांस सांगण्यांत आलें कीं, रक्तांतील पांढऱ्या पेशी फार उतरल्या आहेत; आज औषध देतां येत नाहीं; आठ दिवसांनीं या.

संध्याकाळीं आम्ही समाचारास गेलों तेव्हां बाईंची नणंद आलेली होती. ती प्रेमळ स्त्री. तिच्या बोलण्यांत दुष्टावा मुळींच नव्हता. ती म्हणाली, "वहिनी, तुम्हीं मनानं हाय खाल्लीत, म्हणून पेशी खालीं आल्या. मन घट्ट करा, पेशी आपोआप वाढतील." आम्हींही, अशा वेळीं जसें सुचतें तसें, मान हलवून "धीर धरला पाहिजे" एवढें म्हटलें. बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग पतीकडे पाहून म्हणाल्या, "माझ्यामुळं तुम्हांला पुन्हां हेलपाटा पडला." आणि थोड्या वेळानें आम्हांस विचारलें, "माझंच कांहीं चुकलं असेल का हो?"

त्या प्रश्नास आम्हीं त्या वेळीं नीट उत्तर दिलें नाहीं. तो प्रश्न आम्हीं घरीं बरोबर आणला. जिच्या शरीराचे हाल चालले आहेत तिनें क्षमा मागावी, आणि ज्यांस कांहींच झालेलें नाहीं त्यांनीं ती ऐकून घ्यावी, हा व्यवहार उलटा खरा. पण तो इतक्या घरांतून इतक्या सहजपणें चालतो कीं त्यांतील उलटेपणा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. रोग्याच्या शरीरांतील संरक्षक पेशी दुबळ्या पडल्या तर तो रोग्याच्या शीलाचा दुबळेपणा म्हणतां येईल काय? आणि तसें म्हणतां येत नसेल, तर त्याच्याकडे धैर्याची मागणी करण्याचा अधिकार आम्हांस कोठून मिळाला? याच दोन प्रश्नांचा प्रस्तुत लेखांत विचार करावयाचा आहे.

आमचा समाज या विषयास नवखा नाहीं. अमुक पापास अमुक व्याधि, अशीं कोष्टकें कर्मविपाकाच्या ग्रंथांतून पूर्वींच मांडून ठेविलेलीं आहेत. सुशिक्षित घरांतून तो हिशेब आतां कोणी उघडपणें करीत नाहीं. पण हिशेबाची संवय गेली आहे असें म्हणवत नाहीं. राग गिळला म्हणून गांठ झाली, चिंता केली म्हणून पेशी उतरल्या, चांगले विचार मनांत आणले नाहींत म्हणून औषध लागू पडलें नाहीं, असें नवें कोष्टक त्याच भिंतीवर टांगलेलें आढळतें. जुन्या कोष्टकांत निदान पाप मागल्या जन्मींचें असे. तें रोग्यास आठवत नसे आणि त्याची लाजही त्यास एका जन्माच्या अंतरावरून लागे. नव्या कोष्टकांतील पाप काल रात्रींचें आहे. "काल मी रडलें" एवढी आठवण त्यास पुरते. म्हणून नवा कर्मविपाक जुन्याहून अधिक निर्दय आहे, आणि त्यानें शास्त्राची भाषा उचलल्यामुळें त्यास आव्हान देणें अधिक कठीण झालें आहे.

स्त्रियांच्या वाट्यास यांत आणखी एक भर येते. अंडाशय, गर्भाशय, गर्भाशयमुख हीं अवयवांचीं नांवें आमच्या घरांतून उच्चारलीं जात नाहींत. ज्या अवयवाचें नांव घेतां येत नाहीं त्याचें दुखणेंही सांगतां येत नाहीं. त्यांतून गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुधा एका विषाणूपासून होतो व तो विषाणु शरीरसंबंधांतून पसरतो, हें कळलें म्हणजे चारचौघांच्या नजरा बाईकडे वळतात. तो संसर्ग पुष्कळदां तिला लग्नाच्या पतीकडूनच आलेला असतो, हें कोणाच्या मनांत येत नाहीं. आलें तरी जिभेवर येत नाहीं.

तेव्हां या पेशी आहेत तरी काय, आणि त्यांच्या वागणुकीचा बाईच्या वागणुकीशीं कितपत संबंध आहे, हें प्रथम पाहूं.

१८८२ सालीं सिसिलींतील मेसिना येथें इल्या मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञानें तारामाशाच्या कांचेसारख्या पारदर्शक अळ्यांत बारीक कांटे टोंचून ठेविले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यास दिसलें कीं, अळीच्या अंगांतील फिरत्या पेशी त्या कांट्याभोंवतीं गोळा झाल्या आहेत. आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशीही शरीरांत शिरलेल्या परक्यास असाच वेढा घालून गिळतात, हा सिद्धान्त त्यानें यावरून मांडला आणि १९०८ सालीं पॉल एर्लिख याच्याबरोबर त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. मुंबईकरांस या इतिहासांत एक घरगुती धागा सांपडेल. ओडेसा येथें मेचनिकॉव्हच्या हाताखालीं शिकलेला वाल्डेमार हाफकिन हा १८९६ च्या प्लेगांत मुंबईस आला, १० जानेवारी १८९७ रोजीं आपली लस त्यानें प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि त्याची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली. आज हाफकिन संस्था म्हणतात ती हीच. तिच्यापासून थोड्या अंतरावर २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. त्याच्या मुळाशींही पांढऱ्या पेशींचीच एक दुःखद कथा आहे: मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच बेसुमार वाढीनें, वारल्या, आणि त्यांच्या पश्चात् पति दोराबजी यांच्या मनांत आलेल्या इच्छेंतून पुढें हें रुग्णालय उभें राहिलें. पांढऱ्या पेशी म्हणजे निव्वळ पुण्य, जितक्या अधिक तितकें बरें, ही समजूत किती उथळ आहे तें एवढ्यावरूनही दिसेल.

मेचनिकॉव्हच्या कांट्यावरून युद्धाची उपमा निघाली व ती आमच्या भाषेंत रुजली. पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई, रोग म्हणजे शत्रु, शरीर म्हणजे किल्ला. कांटा बाहेरचा असतो, प्लेगाचा जंतूही बाहेरचा असतो. तेथवर ही उपमा चालते. कर्करोगांत ती मोडते. कारण कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते. ती आपल्याच घरची, आपल्याच वळणाची, फक्त वाढीची मर्यादा सोडलेली. पहारेकऱ्यानें परक्यास अडवावें हें ठीक. पण घरच्याच माणसावर शस्त्र उगारावें कीं नाहीं, हा प्रश्न पहारेकऱ्याच्या शौर्याचा नसून ओळखीचा आहे.

गर्भाशयमुखाचेंच पाहा. त्या रोगास कारण होणारा मानवी पॅपिलोमा विषाणु जर्मनींतील हाराल्ड त्सुर हाउजेन यानें १९८३ सालीं शोधून काढला. त्याबद्दल २००८ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. हा संसर्ग असंख्य स्त्रियांस होतो, आणि त्यांतील बहुतेकींच्या पांढऱ्या पेशी एकदोन वर्षांत तो निकालांत काढतात. बाईस कळतही नाहीं. थोड्याजणींत मात्र तो ठाण मांडून बसतो व पुढें वर्षानुवर्षांनीं कर्करोग होतो. विषाणु त्वचेच्या वरच्या थरांतच राहतो, रक्तांत उतरत नाहीं, पेशी फोडीत नाहीं. त्यामुळें पहाऱ्यास हांकच ऐकूं जात नाहीं. एचआयव्हीची बाधा असलेल्या स्त्रियांत हा कर्करोग सुमारें सहापट अधिक आढळतो, कारण त्यांच्या रक्षक पेशीच त्या बाधेनें मारल्या गेलेल्या असतात. ज्या लाखों स्त्रियांच्या शरीरांनीं हा विषाणु निमूटपणें घालविला, त्यांनीं त्याकरितां कोणता निग्रह केला? कांहींच नाहीं. मग ज्यांच्यांत तो राहिला त्यांचा अपराध तो कोणता?

अंडाशयाच्या कर्करोगांत हें आणखी स्पष्ट होतें. २००३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, ज्या स्त्रियांच्या गांठींत टी जातीच्या पांढऱ्या पेशी शिरलेल्या होत्या त्यांपैकीं शेंकडा ३८ स्त्रिया पांच वर्षांनंतर जिवंत होत्या; ज्यांच्या गांठींत त्या शिरल्या नव्हत्या त्यांपैकीं शेंकडा ४.५ च. आंकडे वाचून कोणीही म्हणेल कीं, पाहा, शिपाई लढले तेथें बाई जगली. पण पुढच्याच वर्षीं दुसऱ्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, टी पेशींचीच एक निराळी तुकडी गांठींत जमून बाकीच्यांस आवरून धरते, आणि तिची संख्या जितकी अधिक तितकें बाईचें आयुष्य कमी. ही तुकडी फितूर नव्हे. तिचें नेमून दिलेलें कामच हें कीं, पांढऱ्या पेशींनीं उत्साहाच्या भरांत आपल्याच सांध्यांवर, आपल्याच ग्रंथींवर चाल करूं नये. ही आवर घालणारी व्यवस्था उलगडल्याबद्दल २०२५ चें नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची यांस मिळालें. आणि पांढऱ्या पेशींवरील लगाम औषधानें सैल करतां येतो हें दाखविल्याबद्दल २०१८ चें जेम्स ॲलिसन व तासुकु होंजो यांस. कर्करोग याच संयमाचा आश्रय घेतो. ज्या नियमानें घर एरव्हीं सुरक्षित राहतें त्याच नियमाच्या आड तो उभा राहतो.

म्हणून आजचे संशोधक पेशींस ओळख शिकवितात किंवा त्यांचा लगाम सोडवितात. रोग्यास उपदेश करीत बसत नाहींत. विक्रोळीच्या शेजारींच पवईस जी तंत्रविद्येची संस्था आहे तेथें आणि टाटा स्मारकांत मिळून एक उपचार तयार झाला. २०२३ सालीं त्यास मान्यता मिळाली. रोग्याच्या टी पेशी काढून, त्यांस कर्करोगाची खूण पटेल असा बदल करून, त्या त्याच्या शरीरांत परत सोडतात. तो उपचार आज रक्ताच्या कांहीं कर्करोगांपुरताच आहे, अंडाशयाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या नव्हे. पण त्यांतला बोध आमच्या विषयास पुरेसा आहे. जी ओळख त्या पेशींस नव्हती ती प्रयोगशाळेंत द्यावी लागली. बाईच्या किंवा बुवाच्या मनोबलानें ती आली नसती.

आतां आमच्या ओळखीच्या बाईंच्या उतरलेल्या पेशींकडे वळूं. येथें तर शंकेस जागाच नाहीं. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत साधारण चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील मुख्य जातीच्या, न्यूट्रोफिल नांवाच्या पेशी अल्पायुषी. हाडांतील मगज त्या दररोज सुमारें शंभर अब्ज नव्या घडवितो. केमोचें औषध वेगानें विभागणाऱ्या पेशींस मारतें. कर्करोगाची पेशी वेगानें विभागते म्हणून ती मरते, आणि मगजही वेगानें काम करतो म्हणून तोही मारला जातो. औषधानंतर साधारणपणें सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत संख्या तळास जाते, व पुढें मगज सावरला म्हणजे पुन्हां चढते. कोणाचा मगज आठवडाभर उशीरां सावरतो; मग औषध पुढें ढकलतात, किंवा मगजास चालना देणारें इंजेक्शन देतात. जिचें मन वज्राचें आहे तिच्याही पेशी उतरतात, आणि जी रात्रभर रडली तिच्याही चढतात. आठ दिवसांच्या त्या हेलपाट्याचें कारण बाईंच्या मनांत नव्हतें. तें त्यांच्या शिरेंत घातलेल्या बाटलींत होतें.

मग रोग्याच्या जगण्यामरण्यांत माणसाच्या हातचें कांहींच नाहीं काय? पुष्कळ आहे, मात्र तें बहुतांशी रोग्याच्या हातचें नाहीं. याचा दाखला दूर शोधावयास नको. १९९८ पासून टाटा स्मारकाच्या डॉक्टरांनीं मुंबईच्या झोंपडवस्त्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांचा मोठा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनीं, चार वेळां, गर्भाशयमुखाची तपासणी झाली. साधन काय? पातळ व्हिनेगर आणि डोळे. व्हिनेगर लावल्यावर बिघडलेला भाग पांढरा दिसतो. तपासणाऱ्या बायका दहावीपर्यंत शिकलेल्या, महिनाभराचें शिक्षण घेऊन तयार झालेल्या. बारा वर्षांच्या हिशेबानंतर २०१३ सालीं निकाल जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटांत या कर्करोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं कमी. उरलेल्या निम्म्या स्त्रियांस रोगाची माहिती दिली गेली, पण तपासणी मिळाली नाहीं, यावरून नीतीचा कडक वादही पुढें झाला. तो वाद महत्त्वाचा असला तरी स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, दोन्ही गटांतील बायका सारख्याच होत्या. एका गटांतील बायका दुसरीपेक्षां अधिक धीराच्या, अधिक श्रद्धाळू किंवा अधिक आनंदी नव्हत्या. एका गटाच्या दाराशीं कोणीतरी वेळेवर गेलें. दुसऱ्याच्या गेलें नाहीं. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतील अभ्यासांतही विषाणूची एकच चांचणी केलेल्या स्त्रियांत मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. आणि तरी एकट्या २०२० सालीं हिंदुस्थानांत सुमारें १ लाख २४ हजार स्त्रियांस हा रोग जडला व सुमारें ७७ हजार मेल्या, असा अंदाज आहे. एवढ्या बायकांचें मन एकाच वेळीं खचलें काय? खचली असेल तर ती आमची व्यवस्था.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, मनाचा शरीरावर कांहींच परिणाम होत नाहीं, असें तुम्ही म्हणतां काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. या बाबतींत जें बाहेर आलें आहे तें दोन्ही अंगांनीं सांगतों. २००७ सालीं अमेरिकेंत डोकें व मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांत रोग्याच्या मनाच्या प्रसन्नतेचा त्याच्या आयुर्मर्यादेशीं कांहींच संबंध आढळला नाहीं. उलट पक्षीं, आयोवा विद्यापीठांतील सुसान लुट्गेनडॉर्फ व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं अंडाशयाच्या कर्करोगाच्या स्त्रियांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या. ज्यांस माणसांचा आधार अधिक होता त्यांच्या नैसर्गिक मारक म्हणविणाऱ्या पेशी रक्तांत आणि गांठींतही अधिक जोमदार होत्या. ज्या अधिक व्यथित होत्या त्यांच्या गांठींतील त्याच पेशी मंद होत्या. २०१२ सालीं त्यांनींच आणखी दाखविलें कीं, जिव्हाळ्याचीं माणसें असलेल्या स्त्रिया अधिक काळ जगल्या.

हे निष्कर्ष कार्यकारणाचे नव्हेत, सहचाराचे आहेत, हें विसरतां कामा नये. जी अधिक आजारी ती माणसांतून आपोआप दूर पडते असेंही असूं शकेल. पण ते खरे धरून चाललों तरी त्यांतून निघतें काय? नणंदबाई म्हणतील, "बघा, मी सांगत होतें, मन खचलं कीं पेशी खचतात." आमचें म्हणणें असें कीं, त्याच पुराव्यावरून निराळाच निकाल लागतो. त्या अभ्यासांत मोजलेली गोष्ट बाईचें एकटीचें शौर्य नव्हती. तिच्या भोंवतालचीं माणसें होती. पेशींस जर कशानें बळ येत असेल तर तें बाईनें दांत ओंठ खाल्ल्यानें नव्हे, तर तिला ते खावे लागूं नयेत अशी सोबत मिळाल्यानें. म्हणजे कर्तव्याचें बोट जें आम्हीं तिच्याकडे केलें होतें तें वळून आमच्याचकडे येतें.

आमच्या भाषेनें हा भेद पूर्वींच ओळखला आहे. धीर 'देतात'. दिवा द्यावा, पाणी द्यावें, तसा धीर द्यावा, असें आम्ही म्हणतों. म्हणजे तो ज्याच्यापाशीं आहे त्यानें ज्याच्यापाशीं नाहीं त्यास पोंचवावयाचा आहे. पण "धीर धरा, खचूं नका, हंसत राहा" असें म्हणतांना बहुधा आम्ही धीर देत नसतों. आम्ही तो मागत असतों. तुम्ही रडलांत तर आम्हांस बघवणार नाहीं. तुम्ही घाबरलांत तर आम्हांसही आमचें मरण आठवेल. म्हणून तुम्ही प्रसन्न दिसा, म्हणजे आम्ही निश्चिंत मनानें घरीं जाऊं. आजारी माणसाकडे अशी खंडणी वसूल करणें हें सभ्य गृहस्थांचें काम नव्हे. पण आम्ही तें फळांची पिशवी हातांत घेऊन करतों, आणि त्यास माणुसकी म्हणतों.

आणखी एक पायरी पुढें जाणें अवश्य आहे, नाहींतर विचार अर्धाच राहील. समजा, उद्यां निर्विवाद सिद्ध झालें कीं, शेजाऱ्यांच्या सोबतीनें पांढऱ्या पेशी यत्किंचितही वाढत नाहींत. मग सोबत सोडून द्यावयाची काय? जो मनुष्य पेशी वाढाव्या म्हणून रोग्यापाशीं बसतो तो पेशी वाढत नाहींत असें पाहून उठेल. आणि शेवटच्या दिवसांत, जेव्हां कोणताच आंकडा चढण्याची आशा नसते, तेव्हां त्या खोलींत कोणी उरणार नाहीं. यासाठीं आम्ही या कर्तव्याचा पाया रक्ताच्या अहवालावर घालूं इच्छीत नाहीं. अहवालानें दोष काढून टाकला, एवढें काम त्याचें. सोबतीचें कारण तो होऊं शकत नाहीं. तें कारण एवढेंच कीं, ती बाई आमची आहे आणि ती एकटी पडली आहे. ज्या प्रश्नांत पेशी फसतात, आपला कोण आणि परका कोण, तो प्रश्न आम्हांसही रोज पडतो. फरक इतकाच कीं, पेशींस तो कळत नाहीं आणि आम्हांस कळूनही आम्ही चुकतों.

कोणी म्हणेल, आशा काढून घेतली तर रोगी जगेल कशावर? आशा काढून घ्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. आशा हा रोग्याचा हक्क आहे. तिला रोग्याचें कर्तव्य करूं नये, इतकेंच. ज्यास हंसावेंसें वाटतें त्यानें हंसावें. ज्यास देवापाशीं बसून बळ येतें त्यानें बसावें. आणि ज्यास रडावेंसें वाटतें त्यास, माझ्या रडण्यानें पेशी कमी होतील, अशा भीतीवांचून रडतां यावें.

मग द्यावयाचा धीर म्हणजे प्रत्यक्षांत काय? तो फार साधा असतो. पेशी उतरल्या असतां सर्दी-खोकला असलेल्यानें घरांत पाऊल टाकूं नये. इतरांनीं हात धुऊन बसावें. गव्हांकुराचा रस, गुळवेल, रस्त्यावरचीं कापलेलीं फळें असलें कांहीं प्रेमानेंही आणूं नये. कच्च्या जिनसांबरोबर जंतु येतात, आणि त्या दिवसांत ते झेपत नाहींत. ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट न पाहतां रात्रींच रुग्णालयांत पोंचवावें; त्यासाठीं शेजारच्या कोणीतरी "केव्हांही दार ठोठवा" असें सांगून ठेवावें, आणि दार उघडावें. विक्रोळी ते परळ लोकलचा प्रवास. त्यांत एकदां बरोबर जावें, रांगेंत उभें राहावें, म्हणजे यजमानांस बसतां येईल. घरांतील मुलींसुनांस लस आणि तपासणी यांविषयीं लाज न धरतां बोलावें. आणि बाई बोलूं लागल्या तर ऐकावें. उत्तर दिलेंच पाहिजे असें नाहीं.

आठ दिवसांनीं त्यांची पुन्हां खेप होती. या वेळीं आम्ही बरोबर गेलों. घाटकोपरला बसावयास जागा मिळाली. कुर्ल्याच्या पुढें बाई म्हणाल्या, "आज पण कमी निघाल्या तर?" आम्हीं म्हटलें, "तर पुन्हां येऊं. त्यांत तुमचं कांहीं चुकलेलं नसेल, आणि मागल्या वेळींही नव्हतं. तें त्या दिवशींच सांगायला हवं होतं, आमच्याच्यानें झालं नाहीं." त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. थोड्या वेळानें त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें, आणि या खेपेस त्यांनीं त्याबद्दल कोणाची क्षमा मागितली नाहीं.

त्या दिवशीं पेशी पुरेशा भरल्या व औषध मिळालें. तें आमच्या बरोबर जाण्यानें झालें असें आम्ही समजत नाहीं. मगज सावरला होता. पण पेशी भरल्या नसत्या तरी परतीच्या गाडींत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली नसती, आणि आमच्या हातीं होतें तें एवढेंच होतें.